थांब म्हणायची तयारी

बॅग सकाळपासून तिसऱ्यांदा पलंगावर उपडी झाली. पुढून बटणं असलेले सैल सदरे, इलास्टिकच्या विजारी, बिनबंदाचे बूट, औषधांची पिशवी, उशीचा एक जादा अभ्रा. सगळं होतं. तरी बाई डाव्या हाताने एकेक वस्तू उचलून बघत होती, पुन्हा भरत होती, आणि एका हाताने घडी नीट पडेना म्हणून मध्येच चिडून सदरा भिरकावत होती. उद्या सकाळी गाडी येणार होती. खांद्याच्या आणि कोपराच्या उपचारांसाठी तीन आठवडे पुनर्वसन केंद्रातच राहायचं होतं, आणि आज बाईचा पाय घरात एका जागी ठरत नव्हता.

ही बाई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर काम करते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्यासारख्या लोकांचं एक मंडळ आहे आणि तिथे प्रत्येकाला हाताच्या खुणेचं एक नाव मिळतं, आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षाही पक्कं. हिची खूण म्हणजे गळ्यापाशी दोन बोटांची कात्री. तेव्हा आपणही तिला कातरबाईच म्हणू. नवरा फोटोंच्या फ्रेमा बनवतो, त्यालाही ऐकू येत नाही. त्याची खूण वरच्या ओठावरून बोट फिरवायची, म्हणून तो मिशाळ. मिशा त्याने कधीच्याच काढल्या, पण नाव राहिलं ते राहिलंच. त्यांच्या मुलीला मात्र ऐकू येतं. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे आणि लहानपणापासून दोघांच्या वतीने जगाशी बोलून बोलून तिला आताशा कंटाळा येतो, तो ती लपवतही नाही.

सरकारी कागदांवर कातरबाईच्या नावापुढे मूकबधिर लिहितात. बधिर, ठीक आहे. पण मूक? अहो, ही बाई आणि मूक? मंडळाच्या सभेत एकदा हिचे हात सुरू झाले की अध्यक्षसुद्धा खुर्ची मागे सरकवून बसायचे. घरी तर विचारूच नका. दिवा घालवल्याशिवाय हिचं बोलणं थांबत नाही, असं मिशाळ सगळ्यांना सांगायचा, आणि ते खरंच होतं, कारण अंधारात हात दिसत नाहीत. भांडायची तर अशी, की हातवाऱ्यांच्या झपाट्यात कपबश्या खाली यायच्या. आणि हातांच्या भाषेत अहो नाही नि जाहो नाही, सगळा कारभार अरे-तुरेचा, त्यामुळे भांडण कसं अगदी मोकळंढाकळं.

मग कारखान्यात वरच्या फळीवरचा तागा काढताना स्टूल सरकलं. उजवा खांदा मोडला आणि कोपर जागचं हललं. ऑपरेशन झालं, पट्ट्या बसल्या, हाडं जुळली. पण हात मात्र अडून बसला. कोपर ना धड सरळ होई, ना पुरतं मिटे, आणि खांद्यातून हात छातीच्या वर यायला तयार नाही. दोन्ही हातांनी बोलायचे शब्द निम्मेच उमटायला लागले. कपाळापाशी करायची खूण पोटापाशीच गळून पडायची. भाषण करणारी बाई तार पाठवल्यासारखी बोलायला लागली.

मिशाळ मात्र सोन्यासारखा वागला, हे कबूल करायलाच हवं. स्वयंपाक केला, हिचे केस विंचरले, बटणं लावली. आणि ती काहीही बोलली की मान डोलवायचा, हसायचा, पाठीवरून हात फिरवायचा. हो, हो, बरोबर. एकदाही वाद नाही. कातरबाईला आधी ते गोड वाटलं. मग त्याची चीड यायला लागली. माणूस इतका गुणी झाला की घरात काहीतरी बिनसलंय असंच समजावं.

तिच्या भीतीचं कारण मात्र वेगळं होतं. दवाखान्यात व्यायाम सुरू झाले तेव्हा फिजिओने तिला डाव्या कुशीवर निजवलं, तोंड भिंतीकडे. डावा हात अंगाखाली दबलेला आणि उजवा त्याच्या हातात. तो मागे उभा राहून हात हळूहळू वर नेत होता. एका जागी असली कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिला सांगायचं होतं, थांब. पण सांगणार कशाने? एक हात अंगाखाली, दुसरा त्याच्या मुठीत, तोंड भिंतीला. तिने टाच आपटली. त्याला वाटलं, पाय हलतोय, म्हणून त्याने तो गुडघ्याने हलकेच दाबून धरला आणि काम चालू ठेवलं. माणूस वाईट नव्हता. नंतर तिचे डोळे पाहून बिचारा फार ओशाळला आणि पुन्हा पुन्हा माफी मागत राहिला. पण कातरबाईच्या मनात ती भिंत बसली ती बसलीच. आता तीन आठवडे रोज, दिवसातून दोनदा, अनोळखी माणसांच्या हातात हात द्यायचा आणि थांब म्हणायची सोय नाही!

हे तिने मिशाळला सांगितलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. अडल्या हाताने, दुखतंय ते सोसून. त्याने दरवेळी मान डोलवली, हसला, पाठीवर थोपटलं. तिला वाटलं, याच्या काळजाचं झालंय काय? आपण भीतीने अर्ध्या झालोय आणि हा हसतोय!

आज चौथ्यांदा बॅग भरताना ती पुन्हा त्याच्यासमोर उभी राहिली आणि पुन्हा तेच सांगितलं. त्याने मान डोलवली. हो, हो. होईल सगळं ठीक. आणि मोजे शोधायला वळणार, तेवढ्यात कातरबाईला ती मान नीट दिसली. कुठेतरी पाहिली होती ही मान. बँकेच्या खिडकीत. डॉक्टरच्या खोलीत. शाळेत, मुलीच्या बाईंसमोर. ऐकणाऱ्या माणसांना आपलं काही कळलं नाही आणि ते म्हणायची लाज वाटली की ती माणसं अशीच मान डोलवतात. या मानेवर मिशाळ आयुष्यभर चिडत आला होता. मंडळात तो त्या मानेची नक्कल करायचा आणि लोक पोट धरून हसायचे.

तिने त्याला बाहीला धरून वळवलं. अगदी शांतपणे, त्याच अडल्या हाताने म्हणाली, "केंद्रात गेले की मी डोकं भादरून टक्कल करणार आहे. आणि तुझी सगळी हत्यारं भंगारात विकलीत."

मिशाळ हसला. मान डोलवली. "छान," म्हणाला. "बरं होईल."

कातरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात मोजा होता तो तिने त्याच्या तोंडावर फेकला, मग दुसरा, मग बूट उचलला, तो मात्र पलंगावर आपटला. "काय म्हणाले मी? सांग! काय म्हणाले?"

एवढं कळायला हातांची गरज नव्हती, ते चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. मिशाळ खाली बसला. मग म्हणाला, "नाही कळलं."

"आणि त्याआधी?"

"निम्मं कळतं. कधी निम्म्याहून कमी."

"कधीपासून?"

"तू दवाखान्यातून घरी आलीस तेव्हापासून."

एवढे दिवस! एवढे दिवस ती भिंतीशी बोलत होती. कातरबाईला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "विचारायचं होतंस ना! पुन्हा सांग म्हणायचं!"

"म्हटलं असतं," मिशाळ म्हणाला, "तर तू पुन्हा सांगितलं असतंस. हात उचलताना तुझं तोंड कसं होतं, तुला दिसत नाही. मला दिसतं. मला ते बघवत नाही."

आता सांगा, माणसावर चिडावं की त्याला जवळ घ्यावं? कातरबाईने दोन्ही केलं. आधी डाव्या हाताने त्याच्या खांद्यावर एक सणसणीत दिली, मग तिथेच हात ठेवून उभी राहिली. मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "आता सांगते. कळलं नाही तर नाही म्हण. माझं तोंड कसंही होऊ दे."

तिने सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, नाही. तिने पुन्हा सांगितलं. नाही. ती उठून भिंतीकडे गेली, बोटाने भिंत दाखवली. नाही. मग ती सरळ पलंगावर डाव्या कुशीवर निजली, भिंतीकडे तोंड करून, आणि टाच आपटली, आणि उठून बसून तिने तो अडलेला हात जाईल तितका वर नेऊन थांबची खूण केली. मिशाळचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "हात त्यांच्याकडे," तो म्हणाला. "मग तू बोलणार कशी?"

कातरबाईने डोळे मिटून घेतले. इतकं मोकळं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, आणि भीती मात्र जिथल्या तिथे होती.

संध्याकाळी मुलगी दुकानातून आली तेव्हा दोघं स्वयंपाकघरात येरझारा घालत होती. हकीकत कळल्यावर ती म्हणाली, "एवढंच ना? कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते. टाच आपटली की थांबा."

"कागद पहिल्या दिवशी वाचतील," कातरबाई म्हणाली. "नंतर तो कशाच्या तरी खाली जाईल. आणि मागे उभ्या माणसाला टाच म्हणजे नुसता हललेला पाय वाटतो. तुम्ही ऐकणारी माणसं बघत कुठे असता? पण मागे काही वाजलं की वळता. तूही वळतेस. मी लहानपणापासून बघत आलेय."

मग म्हणाली, "मला ओरडायला हवं."

मुलीने चमकून आईकडे पाहिलं. आईला आवाज आहे हे तिला माहीत होतं. हसताना घशातून निसटायचा, झोपेत यायचा. पण जाणूनबुजून काढलेला? कधीच नाही. कारखान्यात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कातरबाईने कुणाला तरी आवाज देऊन बोलावलं होतं. सगळी मशिनं थांबली होती. सगळ्यांनी माना वळवल्या होत्या आणि मग बायका एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. कसा होता आपला आवाज, ते तिला आजवर कळलेलं नाही. तेवढं मात्र कळलं की तो लोकांना ऐकवण्यासारखा नाही. त्या दिवसापासून तिने गळा बंद केला तो केलाच.

"कर बरं," मुलगी म्हणाली.

कातरबाईने तोंड उघडलं. काही आलं नाही. नुसता श्वास. पुन्हा केलं, पुन्हा श्वासच. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती भांड्यांच्या फडताळाकडे तोंड करून उभी राहिली. मुलीला वाटलं, आपण बघतोय म्हणून होत असेल. ती म्हणाली, "मी अंघोळीला जाते. तुम्ही दोघं करा सराव." आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

आता पुढे जो गोंधळ झाला, तो याच घरात होऊ शकतो. दोघांनी ठरवलं की खऱ्यासारखाच सराव करायचा. कातरबाई पलंगावर डाव्या कुशीवर निजली, भिंतीकडे तोंड करून. मिशाळ मागे उभा राहिला, फिजिओ दवाखान्यात करायचा तसा त्याने एक हात खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्याने कोपराखाली धरून हात हळूहळू वर न्यायला लागला. ठरलं होतं असं की कळ आली की ती ओरडेल आणि तो थांबेल. दोघांच्याही डोक्यात आलं नाही, की तो थांबणार कसा?

कळ आली. नेहमीच्या जागी आली. आणि कातरबाईने आवाज काढला. मागे मिशाळ एकाग्र होऊन कोपराकडे बघत होता, किती छान वर येतोय म्हणून खूश होता, आणि त्याने आणखी बोटभर वर नेला. कातरबाई आणखी मोठ्याने ओरडली. मग जे काही तिच्या गळ्यात इतकी वर्षं साठलं होतं, ते सगळं बाहेर आलं.

मुलगी ओल्या केसांनी, टॉवेल कसाबसा गुंडाळून धावत आली आणि तिने बापाच्या पाठीत धपाटा घातला. त्याने दचकून हात सोडला. "ओरडतेय ती!" ती हातांनी सांगायला लागली. "केव्हाची ओरडतेय!"

मिशाळने आधी मुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि काय झालं ते ध्यानात येताच त्याने दोन्ही हातांनी स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. कातरबाई खांदा धरून उठून बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती मुलीच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

"ऐकू आलं?" तिने विचारलं. "दार बंद असताना? पाणी चालू असताना?"

मुलीने हो म्हणून मान हलवली.

तेवढ्यात दारावरचा दिवा उघडझाप करायला लागला. यांच्या घरी बेल वाजली की दिवा लागतो. मुलीने अंगावर काहीतरी चढवून दार उघडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, हातात पोळपाट तसाच, धापा टाकत. "अगं काय झालं? कोण ओरडलं? माझ्या काळजाचं पाणी झालं!"

"काय विचारतायत?" कातरबाईने मुलीला विचारलं.

"कोण ओरडलं म्हणून विचारतायत."

कातरबाई पुढे आली. काकूंच्या डोळ्यांत बघून तिने डाव्या हाताने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. मी. मग मुलीकडे वळून म्हणाली, "त्यांना विचार, खालपर्यंत स्पष्ट आला का?"

"आला," काकू म्हणाल्या. "अगदी स्पष्ट."

मुलीने ते आईला सांगितलं. कातरबाईने काकूंचे आभार मानले, दार लावलं आणि पुन्हा पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. या वेळी हात धरायला तिने मुलीला बोलावलं.