पाठ शे बठ्ठं

ये गं नमे, अशी जवळ बस, आणि आधी माझी बोलणी खाऊन घे. जळगावहून इतक्या दिवसांनी धुळ्याला आलीस आणि पायातल्या चपला काढायच्या आत विचारतेस, "आजी, कोपऱ्यावरचं ते पत्र्याचं गोदाम कुणाचं?" गोदाम! तुकानानांनी ऐकलं असतं तर तुला अंगणातूनच परत धाडलं असतं.

ते नाटकघर आहे. मी आणि ते एकाच सालचे. तिकडे पत्रे चढले, इकडे माझं बारसं झालं. शिंदखेड्याकडचे तुकानाना तिथले दरवान, आमचे भिंतीला भिंत शेजारी. रोज सकाळी कुलूप काढायच्या आधी ते दाराची कडी तीनदा वाजवायचे आणि म्हणायचे, "माय, येऊ का वं?" आत चिटपाखरू नसायचं. मी हसले तर म्हणाले, "राजा-राणी झोपेल ऱ्हातस. न सांगता घुसवं का?" म्हणजे नाटकातले राजा-राणी आत झोपलेले, न विचारता शिरायचं कसं!

नानांना अक्षरओळख नव्हती आणि मला शाळा नव्हती. भिंतीवर नाटकाची जाहिरात लागली की नाना ती कुणाकडून तरी ऐकून तोंडपाठ म्हणायचे आणि मी त्यांच्या बोलण्यावर अक्षरं बसवायची. अशी मी वाचायला शिकले, न वाचता येणाऱ्या माणसाकडून! दाराआडून ऐकून ऐकून सगळी नाटकं त्यांच्या डोक्यात होती. "पाठ शे बठ्ठं!" ही त्यांची एकच बढाई.

पण खेळाला माणसं येईनात. भाषा जड, खेड्यातल्या लोकांच्या डोक्यावरून जायची. मालक शेटजींनी सांगून टाकलं, "हा शेवटचा खेळ. मग इथे कापसाच्या गाठी." नाना आठ दिवस भाकरीला शिवले नाहीत.

आणि नेमका त्या शेवटच्या खेळाच्या दिवशी प्रॉम्प्टर तापाने फणफणला! नाना पुढे झाले, "मी उभा ऱ्हास. पाठ शे बठ्ठं." राजा झाले होते एक वकीलसाहेब, एरवी नानांना "शुद्ध बोला हो" म्हणून टोकणारे. मी वर बायकांच्या माळ्यावर. पहिल्या रांगेत शेटजी, कपाळाला आठ्या घालून. वकीलसाहेबांनी तलवार उपसली आणि पुढचं वाक्यच विसरले. विंगेतून नाना कुजबुजले. वकीलसाहेबांनी छाती काढून तेच गर्जून म्हटलं,

"हाई बठ्ठं राज्य मनं शे!"

अगं, मूळ वाक्य "हे सर्व राज्य माझे आहे"; नाटक पाठ होतं खरं, पण नानांच्या डोक्यात ते अहिराणीत मुरलं होतं!

मग मागून एक शेतकरी उठला, "मंग आम्हले बी थोडं दे ना रे भो!" राणी झालेला मास्तर दाढी खाजवत बोलून गेला, "आनि मी कोठे जाऊ?" पत्रे हादरेपर्यंत लोक हसले. शेटजींची पगडी मांडीवर येऊन पडली. वकीलसाहेब लाल, पण पुढचं सगळं नाना सांगतील तसं म्हणण्यावाचून गत्यंतर कुठे होतं?

पडदा पडल्यावर नाना शेटजींसमोर मान खाली घालून उभे. शेटजी डोळे पुसत म्हणाले, "नाना, कापसाच्या गाठी काही अशा हसायच्या नाहीत. राहू दे नाटकघर." पुढच्या खेळाला खेड्यांवरून बैलगाड्या लागल्या.

स्वातंत्र्य आलं त्या साली नानांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तर पहिला प्रश्न, "गोदाम नही ना व्हयनं?"

"नाही नाना, नाटकघरच आहे."

"मंग मी जास," म्हणाले. आणि खरंच गेले.

तर नमे, आता महिनोन्‌महिने तोंड लपवू नकोस. दिवाळीच्या आधी पुन्हा ये, मी तुला आत नेऊन दाखवते. मात्र कडी तीनदा वाजवायची आणि विचारायचं, "माय, येऊ का वं?"