ताडपत्रीखालचा नवरा

आमच्या ह्यांनी लग्नाच्या आधीपासून आगबोटीवर खलाशाची नोकरी केली आणि कायमचे घरी आले ते एक पत्र्याची ट्रंक, एक खोकला आणि एक कॅनव्हासची झोळी घेऊन. साठ साल अजून उजाडायचं होतं. आमचा मालवणकडचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता आणि नवरा बोटीवर असणं यात कुणाला काही नवल नव्हतं. नवरा घरी असणं हे मात्र मला अगदीच नवं होतं. आमच्या दोन मुलांच्या वयातलं अंतरसुद्धा बोटीच्या रजेच्या नियमांनी ठरवलेलं.

ते येणार म्हणून मी खाटेवर नवी चादर घातली होती. दोन रात्री त्यांनी चादरीचा मान राखला. मग घरातले वाळवीने पोखरलेले वासे पाहून मान हलवली, आणि खळ्यातल्या, म्हणजे पुढच्या अंगणातल्या, आंब्याला आणि फणसाला दोर बांधून झोळी टांगली आणि त्यात जाऊन पडले. एवढा मिशीवाला माणूस, तान्ह्या पोरासारखा झोळीत! माडाखाली बांधली नाही, एवढी अक्कल बोटीवर शाबूत राहिली होती, हे आमचं नशीब. कारण विचारलं तर खाटेवर झोप येत नाही म्हणाले. पुढे काही नाही. आगबोटीवर बोलायला बंदी असावी अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

वैशाखात कुणी काही म्हणालं नाही. उकाड्याने अर्धी वाडी खळ्यातच निजत होती. पण मिरग जवळ आला तशी घराघरातली अंथरुणं आत गेली, आणि आमचे हे ताडपत्री शिवायला बसले. पावसाळाभर बाहेरच निजायचा बेत होता. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी लावला नाही, कारण माझे दोन्ही हात त्यांनी कापड ताणून धरायला घेतले होते.

कापड म्हणजे आरोंद्याच्या एका चुलत दिराच्या होडीचं शीड. होडीने टाकून दिलेलं, म्हणजे आमच्या घराला शोभेलसंच. हे तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून दाभणाएवढी सुई त्यात घुसवायचे. कडा दोनदा दुमडलेल्या, कोपऱ्यांना जाड ठिगळं, ठिगळांत दोरीचे फास. मुलीचं परकर-पोलकं तीन महिने उसवलेलं पडलं होतं. त्याला टाका घालायला सांगितलं तर म्हणाले, एवढं बारीक काम मला जमत नाही.

शिवून झालं तरी कापडातून पाणी झिरपणार, म्हणून तेल हवं. बोटीवर म्हणे अळशीचं तेल देतात. बाजारात ते मिळेना. मग होड्यांना चोपडतात ते तारल्यांचं तेल आणलं आणि ताडपत्रीला दोन्ही बाजूंनी पाजलं. वाळायला कुंपणाच्या गडग्यावर टाकली, आणि वाडीतल्या मांजरांना आमचं घर कोणतं ते कळलं. कावळे कौलांवर रांगेने बसले. सासूबाई तोंडाला पदर लावून जेवल्या. आमचे हे ताडपत्री हुंगून म्हणाले, बरी झाली. बारा महिने मासे खाणाऱ्या गावाला माशाच्या वासाने जेरीस आणणं सोपं नाही, पण त्यांनी ते करून दाखवलं.

पुढची पायरी परीक्षेची. ताडपत्री झोळीवर ताणली, आपण आत आडवे झाले आणि मला हुकूम सोडला की विहिरीवरून कळशीने पाणी आणून वरून ओत. मी ओतलं. ताडपत्री पक्की निघाली. पण दोरीवरून पाण्याचा ओघळ सरळ झोळीत गेला आणि हे भिजले. मग त्यांनी झोळीच्या अलीकडे दोरीला सुतळीची एक शेपटी बांधली. पाणी तिथपर्यंत येऊन खाली टपकू लागलं. ते पाहण्यासाठी मी आणखी ओतलं, आणि खरं सांगते, जरा जोरातच ओतलं.

नेमकी तेव्हाच शेजारीण गडग्याशी उभी होती. तिला दिसलं ते एवढंच की नवरा झाडाला टांगलेला आहे आणि बायको त्याच्यावर कळशीने पाणी ओतते आहे. संध्याकाळपर्यंत वाडीत गोष्ट पूर्ण झाली होती: मी नवऱ्याला घरात घेत नाही, पावसाच्या तोंडावर बाहेर काढलं, वर छळते. पाणवठ्यावर मी गेले की बायका एकदम पावसापाण्याचं बोलू लागत. माहेरीही हे पोचलं. मी हसण्यावारी नेलं असं लिहायला आवडेल, पण मी रात्र रात्र जळत होते. परतून आलेला नवरा मला नको झाला आहे, असं लोक म्हणत होते, आणि मलाच शंका येत होती की त्याला मी नको झाले आहे.

सासूबाईंनी उपाय काढला तो आपल्याकडे सगळ्यांवर काढतात तोच. देवाला गाऱ्हाणं. वाडीतले एक वयस्क गाऱ्हाणं घालायला आले, नारळ ठेवला, दहाबारा माणसं हात जोडून उभी राहिली. हेही उभे राहिले, अंगाला तारल्यांचा वास. म्हाताऱ्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरचो झील उंबऱ्याभायर निजता. तेका घरात निजाची बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"घरच्या सुनेच्या हातसून काय चुकला आसात, तर ता पदरात घी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझे डोळे जमिनीला चिकटले. आणि त्या आवाजांच्या मागून एक आवाज आला.

"नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्यात कुणी नाही म्हणत नाही. तशी सोयच नाही. म्हातारे डोळे उघडून नारळाकडे बघत राहिले, जणू तोच बोलला. आमच्या ह्यांचे हात जोडलेलेच होते.

"तिची काय्येक चूक नाय. बोटीर यंत्र थांबला काय सगळे जागे होतत. थांबला म्हणजे कायतरी बिघाडला. खाट हलणा नाय. माका जाग येता आणि वाटता, बोट थांबली. मगे मी काळोखात पाण्याचो आवाज आयकत रवतंय, खंयसून आत येता ता."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. म्हाताऱ्यांनी बराच विचार करून, बुद्धीचा भाग गाळून, नुसतं सगळ्यांचं भलं मागितलं आणि नारळ फोडला.

त्या पावसाळ्यात हे बाहेरच निजले आणि पाणवठ्यावरच्या बायका माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या. मी मात्र ह्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. खाटेवर माझ्या शेजारी त्या दोन रात्री ते डोळे उघडे ठेवून पडले होते आणि मी घोरत होते. एवढी गोष्ट बायकोला सांगायला त्यांना अर्धी वाडी आणि देव गोळा करावा लागला.