अकोल्याविरुद्ध नऊच्या नऊ

अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेचा खो-खोचा संघ कधी वाघ तर कधी शेळी. दसऱ्यानंतर अकोल्याच्या मुली आमच्याकडे खेळायला आल्या की आम्ही त्यांना धूळ चारायचो, आणि संक्रांतीनंतर आम्ही तिकडे गेलो की त्याच मुली आम्हाला रडवून परत पाठवायच्या. पुढच्या वर्षी नेमकं उलटं. मूर्तिजापूरच्या मुलींशीही तेच. बघणारे म्हातारे चक्रावून जात. मी संघातली सगळ्यात चपळ पळणारी, आणि शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे वडील, त्यामुळे ही सगळी चर्चा मला घरी जेवताना फुकटात ऐकायला मिळे.

वडील वकील होते. प्रत्येक गोष्टीला त्यांना कारण लागायचं, आणि ते सापडलं नाही की ते निकाल देऊन मोकळे व्हायचे. "मुलींच्या अंगात सातत्य नाही," ते म्हणाले. "या खेपेला अकोल्याशी हरलात तर खेळाचा तास बंद. त्या जागी शिवणाचा वर्ग."

मला शिवण येत नव्हतं हे खरं, पण दुखणं ते नव्हतं. मला एका जागी बसताच येत नसे. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आले असं आई म्हणायची. दिवसभरात तो एकच तास असा होता की मी पळाले तर कोणी ओरडत नसे, उलट टाळ्या वाजवत.

या हारजितीचं खरं कारण आम्हा नऊ जणींना पक्कं ठाऊक होतं. महिन्याचे ते दिवस आले की घरोघरी मुलीला बाजूला बसवत. तीन दिवस कोणाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. आणि खो-खोत शिवल्याशिवाय काही होतच नाही. मग जिचे दिवस असतील ती घरी, आणि तिच्या जागी खालच्या वर्गातली एखादी चिमुरडी, जी खो मिळाला की उठायचं सोडून मागे वळून बघत बसायची. शाळेत निरोप जायचा, "ताप आहे." आमचे कवायतीचे गुरुजी सरळ माणूस. या मुली एवढ्या तापतात कशा, या काळजीने त्यांनी आम्हाला काडेचिराइताचा काढा पाजायला सुरुवात केली. सामन्याच्या आधी पंधरा दिवस रोज सकाळी तो कडूजहर काढा घोटायचा. हसायचीही चोरी.

आमची कप्तान बाळापूरजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. शिकायला मामाकडे राहायची, आमच्याच गल्लीत. तिची जीभ म्हणजे विळा. ती मला म्हणायची, "तुमच्या वकिलाइच्या घरी लय सोवळं बाई. आमच्या इकडं कपाशी फुटली का बायाइले वेचाले जाच लागते. तवा कोनी इचारत नाही." पण तिचा मामा शहरात येऊन आमच्याहून कडक झाला होता, त्यामुळे तिचंही काही चालत नसे.

वडिलांचा निकाल मी तिला सांगितला तेव्हा तिने आम्हा सगळ्यांना शाळेच्या विहिरीमागे गोळा केलं. एकेकीला विचारत, बोटांवर मोजत तिने दिवस काढला. दसऱ्यानंतरचा दुसरा बुधवार. त्या दिवशी नऊच्या नऊ मोकळ्या. ती गुरुजींकडे जाऊन म्हणाली, "गुरुजी, बुधवार ठेवा. तवा आमाले अभ्यास कमी रायते." गुरुजींनी मान डोलावली, अकोल्याहूनही होकार आला, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

मग गुरुजींनी पंचांग उघडलं.

काढ्याने गुण येत नाही म्हणून त्यांनी आमच्या जुन्या हारजितीच्या तिथी ताडून पाहिल्या होत्या. त्यांना वाटलं, हा सगळा चंद्राचा खेळ आहे. बिचारे किती जवळ आले होते, आणि किती लांब! बुधवारी वाईट तिथी निघाली. त्यांनी सामना पुढच्या सोमवारवर ढकलला. अकोल्याचे गुरुजीही त्यांच्याच पंथातले, त्यांनी लगेच मान्य केलं. त्या सोमवारी माझी पाळी, आणि आणखी दोघींची.

सांगणार कोण? गुरुजींना सांगितलं असतं तर त्यांनी आधी आंघोळ केली असती. मी आईच्या मागे लागले, "तू बाबांना सांग ना." आई एकदम दचकली. "हे काय पुरुषांना सांगायचं असतं? जीभ झडेल माझी." रात्रंदिवस माझं डोकं त्याच एका विचाराभोवती फिरत राहिलं. एखादा दिवस उशीर होईल, अशी आशाही करून पाहिली. रविवारी सकाळीच ती संपली.

सोमवारी मी मागच्या पडवीत. बसायला तरट, प्यायला वेगळा तांब्या. शाळेचं मैदान आमच्या परसाच्या दोन भिंतींपलीकडे. शिट्टी ऐकू आली आणि मी उठून फेऱ्या मारायला लागले. "बस की जरा," आई आतून म्हणाली. बसते कसली! प्रत्येक "खो" कोणाचा ते मी आवाजावरून ओळखत होते. आमच्या मुलींचा सुरुवातीचा कल्ला हळूहळू विरळ होत गेला आणि मग फक्त अकोल्याच्या आरोळ्या उरल्या. मला भिंतीवरून उडी मारावीशी वाटली. खोटं कशाला सांगू, आईच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

संध्याकाळी कप्तान परसदारी आली. आई बघत होती म्हणून लांबच उभी राहिली.

"हारलो," ती म्हणाली. "कितीनं ते इचारू नको. पन एक आयक. त्यांच्याबी तिघी आल्या नाही. त्यांची कप्तान मले इचारून राहिली होती, तारीख काहून बदलली? बुधवारी त्यांच्या साऱ्याच मोकळ्या होत्या."

दिवसभरात पहिल्यांदा मी मटकन खाली बसले. म्हणजे अकोल्यालाही कोणीतरी विहिरीमागे बोटं मोजली होती. म्हणजे इतकी वर्षं आम्ही अकोल्याच्या खऱ्या संघाशी खेळलोच नव्हतो, ना त्या आमच्याशी.

थोड्या वेळाने वडील आले. पाय धुवायला परसात उतरले. त्या दिवसांत ते पडवीकडे नजर टाकत नसत, सगळं बोलणं आईशी. "पाहिलंस? गेल्या वेळी जिंकल्या, आज पार आडव्या. मी म्हणतो ते हेच, सातत्य नाही. उद्या मंडळात ठराव मांडतो."

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले.

"बाबा, आमच्या तिघी आज अशाच बसल्या होत्या. अकोल्याच्याही तिघी. दरवेळी कोणी ना कोणी बसतेच. ताप कोणालाच नसतो. तुम्हीच आम्हाला बसवता आणि तुम्हीच सातत्य विचारता!"

आईने पदर तोंडाशी नेला. वडील हातात लोटा घेऊन तसेच उभे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. मला वाटलं, आता माझी शाळाच बंद. एक पाय धुवायचा राहिला, ते तसेच आत गेले.

दुसऱ्या दिवशी मंडळात ठराव मांडला गेला नाही. पुढच्या आठवड्यात गुरुजी घरी आले तेव्हा मी माजघरात कान लावून उभी होते. "संक्रांतीनंतर अकोल्याला एकदा बघू, मग ठरवू," वडील म्हणाले. "आणि तारीख मुलीच ठरवतील."

"मुली? कारण काय, वकीलसाहेब?"

"कारण काही नाही."

कारणाशिवाय वडील बोलले, असं मी पहिल्यांदा ऐकलं. दिवाळीला बाळापूरला जाताना कप्तान वाटेत अकोल्याला उतरली आणि तिकडच्या कप्तानीला भेटून दिवस पक्का करून आली. तो निघाला नेमका अमावास्येचा. गुरुजींनी कपाळावर हात मारला. हातापाया पडले, पण वडील म्हणाले, "असू द्या."

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. आमच्यातल्या एकीचं गणित नेहमी चुकायचं. रोज सकाळी मी तिच्या दारावरून उगाच एक चक्कर मारायची, ती अंगणात दिसली की जीव भांड्यात पडायचा. बडनेऱ्याच्या फलाटावर कप्तानीने आम्हाला रांगेत उभं करून मोजलं. नऊ. अकोल्याच्या मैदानावर त्यांच्या कप्तानीने लांबूनच दोन्ही हात वर केले, एक अंगठा मुडपून.

काय खेळल्या त्या! आणि आम्हीही. लुगड्यांचे कासोटे मारून अशा धावलो की धुरळ्यात खांब दिसेनात. शेवटी आमची मी एकटीच उरले. मी हुलकावणी दिली, पुन्हा दिली, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या कप्तानीचा तळवा माझ्या पाठीवर सणसणीत बसला. हरलो. थोडक्यात, पण हरलोच.

"सांगितलं होतं ना, अमावास्या!" गुरुजी गाडीत पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि आम्ही मूर्तिजापूर येईपर्यंत पोट धरून हसलो. पुढे मात्र हसू ओसरत गेलं. शिवणाचा वर्ग आता समोर उभा होता. मी खिडकीशी बसून पाय हलवत राहिले.

घरी आले तेव्हा वडील ओसरीवर पान लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय झालं?"

"हरलो."

त्यांनी पानाला चुना लावला. मग अगदी हळू विचारलं, "सगळ्या होत्या?"

"नऊच्या नऊ."

"त्यांच्या?"

"त्यांच्याही."

"मग त्या चांगल्या खेळल्या," वडील म्हणाले. पानाची घडी घालता घालता त्यांनी आत आईला हाक मारली. "अगं, गुरुजींना निरोप दे. शिवणाच्या वर्गाला दुसरा तास शोधा म्हणावं."