अक्काने न खोडलेल्या तीन नोंदी

अक्का कुणालाही ‘सर’ म्हणत नसे. आमच्या बेंगळुरूच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, तेसुद्धा तिच्यासाठी ‘अण्णा’च. बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातली ही कंत्राटी तंत्रज्ञ आम्हा पीएचडीवाल्यांची खरी मास्तरीण होती.

मी पुण्याहून आलो त्या दिवशीच तिने शिकवणी घेतली. “स्वल्प ऐक रे. डीएनएवर ऋण प्रभार. पॉलिमरचा लेप धन असला की येऊन चिकटतो, ऋण असला की लांब पळतो. एवढं कळलं की सरी, झालं काम.” हाड लवकर भरून यावं म्हणून त्यात बसवायच्या, लेप दिलेल्या तुकड्यांवर डीएनए कसा टिकवायचा, हा माझा विषय. तिचं हे वाक्यच मी प्रबंधात सिद्ध करणार होतो.

नोंदी ती पेनानेच लिही. पेन्सिल दिसली की उचलून खिडकीबाहेर टाकायची. माझ्या दोन गेल्या.

मग एकदा ऋण लेपाच्या तीन तुकड्यांवर डीएनए भरपूर चिकटलेला निघाला. सर म्हणाले, “हे तीन काढून टाका.” खोटं कशाला बोलू, मी काढायला तयार होतो. अक्काने वहीवर हात ठेवला.

“जे आलं ते लिहिलंय, अण्णा. खोडणार नाही.”

“तुमचं कंत्राट या महिन्यात संपतंय.”

“संपू दे की. वहीत तेच राहणार.”

मला माझीच लाज वाटली. तिने मात्र माझी उलटतपासणी सुरू केली. तुकडे कशाने धुतलेस? शुद्ध पाणी संपलं होतं, म्हणून मी नळाखाली धरले होते. तिने कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या, ते बोअरचं पाणी! किटली बघ, किती पांढरी झालीय.” त्या क्षारयुक्त पाण्यातल्या धन प्रभाराच्या कॅल्शियमने लेप आणि डीएनए यांना जोडून टाकलं होतं. आम्ही शुद्ध पाण्यात मुद्दाम कॅल्शियम घालून पाहिलं. पुन्हा चिकटला. रक्तातही कॅल्शियम असतंच, म्हणजे नुसता लेपाचा प्रभार बघून भागणार नव्हतं. प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण त्या तीन नोंदींतून निघालं.

सर खूश झाले. अक्काचं कंत्राट तरीही वाढवलं नाही. डबा पिशवीत टाकून ती निघाली तेव्हा मला तोंड वर करवेना.

शोधनिबंधात तिचं नाव नव्हतं. “तंत्रज्ञांची नावं घालत नाहीत,” सर म्हणाले. निबंध पाठवायला माझीही सही लागते. मी सही केलेली नाही. तिचं नाव येईपर्यंत करणारही नाही. निबंध सरांच्या टेबलावर पडून आहे. पडू दे.