दोन थडग्यांमधली जागा

आयोनी गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तरी डिसेंबर लागला की मला तिच्या हातातली चुन्याची बादली आठवते. नाताळच्या आधी ती आपल्या घराण्याची सगळी थडगी स्वतः रंगवायची. आमच्या बेटावर, सेंट एलिझाबेथ परगण्याच्या आमच्या बाजूला माणसे आपले मेलेले आपल्याच जमिनीत ठेवतात, दाराशी. आयोनीच्या घरामागे उतारावर नीरफणसाचे झाड होते आणि त्याच्याखाली थडग्यांची रांग, कडेने क्रोटनची तांबडी-पिवळी झुडपे. रांगेच्या टोकाला तिच्या आईचे थडगे, मग एक माणूस मावेल एवढी रिकामी जागा, आणि मग तिच्या मुलाचे, ॲश्टनचे.

त्या रिकाम्या जागेत ती गवताची काडी राहू द्यायची नाही.

"कुणी येणार असल्यासारखी झाडतेस," मी एकदा म्हटले.

"मीच येणार आहे. माझं अंथरूण आहे ते. आयुष्यभर एकटी झोपले, आता तरी मध्ये झोपेन."

ॲश्टन ऐन तारुण्यात तापाने गेला. तो जन्मला तेव्हा त्याची नाळ तिने तिथे पुरली आणि वर नीरफणसाचे रोप लावले, जसे आमच्यात लावतात. झाड वाढले, मुलगा राहिला नाही. नवरा त्याच्या आधीच कुणा दुसरीबरोबर किंग्स्टनला गेला होता, त्याचे नाव ती घेत नसे.

ती बॅमी करून विकायची. कसावा किसायचा, पिळून त्याचे विषारी पाणी काढायचे, मग तव्यावर जाड भाकरीसारखा भाजायचा. शनिवारी सांताक्रूझच्या बाजारात तिच्या टोपलीपुढे गर्दी असायची, निम्मी बॅमीसाठी आणि निम्मी तिच्या तोंडासाठी. एक बाई प्रत्येक बॅमी दाबून दाबून पाहत होती, तिला आयोनी म्हणाली, "नवरा निवडताना असा दाबून पाहिला असतास, तर आज चार पैशांसाठी माझ्याशी घासाघीस करत उभी नसतीस." बाई हसली आणि सहा घेऊन गेली.

तिच्या जमिनीला सगळे मिंबाचा तुकडा म्हणत. गुलामीच्या काळी तिथे थर्ली नावाच्या गोऱ्याचे पेन होते, म्हणजे गुराढोरांची मोठी जागीर. मिंबा ही त्याच्या घरातली गुलाम बाई. थर्लीने मरताना मिंबाच्या तिन्ही मुलांना, फिबा, विल्यम आणि नॅन्सी यांना, हा तुकडा दिला, असे आयोनीच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले. आयोनी फिबाच्या वंशातली. कागद कुणी पाहिला नव्हता, पाहायची गरजही नव्हती. अशी जमीन घराण्याची असते. ती कुणी विकत नाही, कुणी वाटून घेत नाही. दूरदेशी गेलेला परत आला तर त्याने एक खोली बांधावी, झाडाचे फळ खावे. आणि जमिनीचा कर मेलेल्याच्या नावाने भरायचा, कारण जिवंत माणसाचे नाव कागदावर चढले की त्याला विकायची बुद्धी होते. म्हणून आयोनी दर वर्षी कर भरायची तो 'विल्यम थर्लीच्या वारसांतर्फे'. पावतीवर तसे लिहून घ्यायची आणि खाली सही करायची.

एका सकाळी तिच्या उतारावर लाल डोक्याचे खुंट ठोकलेले दिसले. एक नेमका त्या दोन थडग्यांच्या मध्ये. आमची लाल माती ॲल्युमिनियमसाठी खणून जहाजाने परदेशी पाठवणारी एक कंपनी होती, तिचे ते खुंट. आयोनीने मधला खुंट उपटला आणि तव्याखाली घातला.

"लाकूड चांगलं वाळलेलं होतं," ती मला म्हणाली. मग बसली. "मिस विनी, ते म्हणतात जमीन त्यांनी विकत घेतली. कुणाकडून घेतली? मी तर कुणाला विकली नाही."

"कागद मागितलास?"

"मागितला. ते म्हणाले तुझा दाखव." तिने माझ्याकडे पाहिले. "तुला शाळेत नन्सनी जुनं वळणदार अक्षर शिकवलंय ना. थर्लीचं मृत्युपत्र वाचता येईल तुला. चल माझ्याबरोबर. मला बाकी काही नको, तेवढी मधली जागा राहिली पाहिजे."

जुनी मृत्युपत्रे आणि खते ठेवतात त्या स्पॅनिश टाउनच्या सरकारी दफ्तरात आम्ही गेलो. बसमध्ये ती मांडीवर भाजलेला नीरफणस आणि तळलेली मासळी घेऊन बसली होती, आणि दफ्तरातला कारकून पहिले वाक्य बोलला ते तिच्या पिशवीकडे पाहून.

"इथे खायचं नाही, मावशी. काय शोधताय? श्रीमंत नातेवाईक?"

"हो. सापडला तर तुलाही वाटा देईन. आधी खुर्ची दे."

त्याने खुर्ची दिली, आणि नंतर मोठमोठी बाडेही. थर्लीचे मृत्युपत्र सापडायला आम्हाला दुसरी खेप करावी लागली. अक्षर बारीक होते पण स्वच्छ. मी हलक्या आवाजात वाचू लागले. माझ्या पेनवरील मिंबा हिच्यापासून मला झालेली मुले विल्यम आणि नॅन्सी यांना मी मुक्त करतो, आणि टेकडीखालचा, ओढ्यापासून सीमेच्या सावरीच्या मोठ्या झाडापर्यंतचा तुकडा त्यांना व त्यांच्या वंशजांना कायमचा देतो.

आयोनीने माझा दंड धरला. "पुन्हा वाच. सावरीचं झाड अजून आहे. वीज पडली होती त्यावर, तरी आहे."

मी पुन्हा वाचले.

"फिबा राहिली," ती म्हणाली. "पुढे असेल बघ."

पुढे होती. मी मनातल्या मनात वाचले आणि थांबले.

"काय झालं? वाच की. कागद मला चावणार आहे का?"

मी वाचले. माझी पुतणी शार्लट हिला दोन घोडे, जेवणाच्या टेबलावरची चांदीची भांडी, आणि उपरोक्त मिंबा हिची थोरली मुलगी फिबा, तिच्या पुढे होणाऱ्या संततीसह.

फिबा थर्लीची नव्हती. मिंबाला ती आधी झालेली, आपल्यासारख्याच कुणा काळ्या माणसापासून. एकाच आईच्या तीन लेकरांपैकी दोघांना त्याने जमीन दिली आणि तिसरीला देऊन टाकले, एकाच पानावर.

आयोनीने पानावर बोट ठेवले. मग तिने विचारले, "भांड्यांच्या आधी आहे की नंतर?"

"नंतर."

"हं." तिने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "'पुढे होणारी संतती'. म्हणजे मी, मिस विनी. माझं नाव घालायचं तेवढं राहिलं."

परतीच्या बसमध्ये तिने फणस तसाच ठेवला. ओल्ड हार्बर मागे गेल्यावर म्हणाली, "पण फिबा परत आली. गुलामी संपल्यावर ती चालत इथे आली आणि विल्यमने तिला घर बांधायला कोपरा दिला. माझी आजी सांगायची. त्याचा कागद कुणी केला नाही. भाऊ बहिणीला कागद करून देतो का?"

मी म्हटले, नाही देत.

मग आम्ही विल्यमच्या मागे लागलो, म्हणजे त्याच्या वंशाच्या. नॅन्सीला मूल झाले नाही, तिचा वाटा विल्यमकडे आला. विल्यमच्या मृत्युपत्रात त्याचा मुलगा होता, त्या मुलाच्या मृत्युपत्रात त्याची नात. मधल्या काळात त्यांनी इतर जमिनी घेतल्या आणि विकल्या, त्यांची खते एकामागून एक सापडत गेली, पण मिंबाच्या तुकड्याला कुणी हात लावला नव्हता. आयोनीला ते फार बरे वाटले. "बघ, सगळ्यांनी शब्द पाळला," ती कारकुनाला म्हणाली. तोही आता आपला डबा खायचा सोडून आमच्यासाठी शिडीवर चढत असे. नातीची मुलगी हेझेल. ती लहानपणीच आईबरोबर इंग्लंडला गेली, आता बर्मिंगहॅममध्ये राहते.

"हेझेलला मी ओळखते," आयोनी म्हणाली. "म्हणजे पाहिलं नाही कधी. दर नाताळला जो कुणी तिकडे जाणारा असेल त्याच्याबरोबर तिला नीरफणस भाजून पाठवते. आणि चिठ्ठी. 'कझिन हेझेल, तुमची जमीन सुखरूप आहे, तुमच्या वाट्याचं फळ पाठवते आहे.'"

कारकुनाने शेवटचे खत पुढे ठेवले तेव्हा तो आमच्याकडे पाहत नव्हता. ते नवे होते, टंकलेले, वाचायला माझी गरज नव्हती. हेझेलने मिंबाच्या तुकड्यातला आपला सगळा हक्क कंपनीला विकला होता. सही एप्रिलमधली.

"एप्रिल," आयोनी म्हणाली. "म्हणजे फणस पोचला होता."

हेझेलला काय सांगून तिची सही घेतली ते मला आजही माहीत नाही. म्हातारी, एकटी बाई. तिला कदाचित वाटले असेल की कुठल्या तरी दगडधोंड्यांच्या टेकडीचा प्रश्न आहे. माझ्या डायरीत त्या दिवशी मी तिच्याविषयी एक कडू वाक्य लिहिले होते. पुढे कधीतरी ते वाचले आणि तसेच राहू दिले.

ब्लॅक रिव्हर गावात शेवान नावाचे वकील होते. भला माणूस. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पावत्यांचा गठ्ठा पाहिला, चष्मा काढला.

"मिस आयोनी, इतकी वर्षं उघडपणे राहून जमीन कसलीत, तर कायद्याने ती तुमची होऊ शकली असती. फक्त तुम्ही ती स्वतःची म्हणून धरली पाहिजे होती. तुमच्या सहीची प्रत्येक पावती सांगते की ही दुसऱ्याची आहे. आणि वर तुम्ही त्या बाईला चिठ्ठ्या लिहीत होतात, तुमची जमीन म्हणून."

"तिचीच होती. माझीही होती. आमच्यात तसंच असतं."

"मला ठाऊक आहे, माझ्या आजोळीही तसंच आहे. न्यायाधीशाच्या आजोळीही असेल. पण कोर्टात आजोळ चालत नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "एक वाट आहे. पावत्यांचं मी बघतो, अडाणीपणाने तसं लिहिलं म्हणू. चिठ्ठ्या बर्मिंगहॅमला आहेत, ठेवल्या असतील कशावरून? तुम्ही शपथेवर एवढंच सांगायचं की विल्यम थर्लीच्या घराण्याशी माझं नातं नाही, त्यांच्यातल्या कुणाला मी ओळखत नाही, मी परकी म्हणून इथे राहिले आणि जमीन माझ्या एकटीची समजून कसली. मग लढता येईल. जिंकालही कदाचित."

"आणि मग मला तिथे पुरतील?"

"जमीन तुमची झाली तर तुम्हाला कोण अडवणार?"

आयोनी खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर कुणीतरी बर्फाचा गोळा विकत होते. मी तिच्या पायाला पाय लावला. सांग हो म्हणून, असे मला म्हणायचे होते. ती मधली जागा मला दिसत होती, झाडून स्वच्छ केलेली.

"नातं नाही असं बायबलवर हात ठेवून म्हणायचं?"

"हो."

"मग फिबा कुणाची?"

वकिलांना फिबा माहीत नव्हती. मला माहीत होती. मी पाय मागे घेतला.

"त्या गोऱ्याने एकदा लिहून ठेवलंय की ती त्या दोघांची कुणी नाही. भावाने कोपरा देऊन तिला बहीण केली. आता मी उठून पुन्हा कागदावर लिहू, की नाही, गोराच खरा होता?" तिने पावत्या गोळा केल्या. "नाही जमायचं, सर. तुमचा वेळ घेतला. बॅमी आणलीय तुमच्यासाठी, खोबरेल लावून भाजा."

जिन्यावर मी तिला म्हटले, "आयोनी, नुसते शब्द होते ते."

"तुझं शिक्षण जास्त, तुला नुसते वाटतात," ती म्हणाली. पण माझा हात धरूनच उतरली.

कंपनीने आपल्या मते चांगुलपणा केला. थडग्यांभोवती तारेचे कुंपण घातले आणि तेवढा भाग खणणार नाही असे लिहून दिले. आत नवे कुणी पुरायचे नाही, एवढी एक अट. आयोनीचे घर पाडले त्या दिवशी ती माझ्याकडे होती. पुदिन्याचा चहा केला, तो तिने प्यायला. मग ती सांताक्रूझला भाचीकडे राहायला गेली. तिथेही बॅमी करायची, पण बाजारात पूर्वीसारखी बोलत नसे. दोन नाताळ तिने कुंपणाबाहेर उभे राहून आतली थडगी पाहिली, कारण फाटकाला कुलूप असे आणि किल्ली मागायची तिला लाज वाटे. भाचीने किल्ली मागून आणली आणि आत जाऊन चुना लावला. हेझेलला तिने फणस पाठवला नाही. झाड कुंपणात होते.

ती गेली तेव्हा चर्चच्या आवारात तिला जागा मिळाली, रस्त्याच्या भिंतीशी. एका बाजूला कुणी अनोळखी, दुसऱ्या बाजूला निवृत्त पोलीस.

पुरण्याच्या सकाळी मी भाचीला घेऊन कुंपणापाशी गेले. हातात बिस्किटांचा रिकामा डबा होता. फाटकावर एव्हरल्ड पहारेकरी होता, आमच्याच वाडीतला. लहानपणी आयोनीच्या झाडावरून पडून त्याने हात मोडून घेतला होता.

"नाताळखेरीज आत जायची परवानगी नाही, मिस विनी. आणि माती न्यायची तर मुळीच नाही. माती कंपनीची."

"माहीत आहे मला."

त्याने टोपी काढली, डोके खाजवले आणि कुलूप उघडले. "मी ओढ्यापर्यंत जाऊन येतो. गुरं शिरतात तिकडे. मला यायला वेळ लागेल."

मधल्या जागेत गवत गुडघाभर झाले होते. भाचीने ते उपटले. जायच्या आधी ते उपटलेच पाहिजे असे दोघींनाही वाटले, जरी आता तिथे कुणी येणार नव्हते. मग आम्ही ॲश्टनच्या बाजूची माती डब्यात भरली, आणि थोडी तिच्या आईच्या बाजूची.

चर्चच्या आवारात पाद्रीबाबांची प्रार्थना झाल्यावर भाचीने डबा उघडला आणि ती लाल माती शवपेटीवर टाकली. चर्चची माती काळसर आहे. खड्डा भरून होईपर्यंत ती लाल माती दिसत होती, मग दिसेनाशी झाली.