थोबाडीत मारणाऱ्याची चाल

ज्या माणसानं माझ्या वडिलांना सगळ्या वादकांसमोर थोबाडीत मारली, त्याची चाल कानावर पडली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. आणि त्याचाच मला संताप येतो.

तो संगीतकार होता आणि आबा त्याच्याकडं क्लॅरोनेट वाजवायचे. गडमुडशिंगीहून सायकल मारत कोल्हापुरात तालमीला जायचे. पुढचे दोन दात पडले आणि सूर नीट लागेना. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवशी डबा द्यायला गेले होते. त्याच्या ह्याच चालीत एकाच जागेला आबा तीनदा चुकले. तो हार्मोनियमवरून उठला, सावकाश चालत आला आणि त्यानं मारली.

"बोळक्या, उद्यापास्नं येऊ नगंस."

कुणी हललं नाही. ढोलकीवाला खाली मान घालून बसला. आबांनी क्लॅरोनेट सुटं केलं, पुसलं, खोक्यात ठेवलं आणि मला म्हणाले, "चल."

पुढं तो मोठा झाला. सत्कार, शाली, पेपरात फोटो. ती चाल लग्नात वाजायला लागली, लोकांच्या मोबाइलवर वाजायला लागली. आमच्या घरात तर आबाच लावायचे.

"बंद करा ते! लाज कशी वाटत न्हाय?"

"गाण्यानं मारलं व्हय मला?"

हे उत्तर मला कधीच पटलं नाही. चाल काढणारा हात वेगळा आणि मारणारा वेगळा होता की काय?

गेल्या वर्षी तो मेला. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाचं बोलावणं घेऊन तोच ढोलकीवाला घरी आला. आबांनी दोन शब्द बोलावेत म्हणाला.

"त्यानं मारलं तवा तुमची जीभ कुठं गेलती?" मी विचारलं.

"ताई, मेलेल्या माणसाचं आता काय काढायचं?"

त्याच्यासाठी केलेला चहा मी मोरीत ओतला. तेवढ्यात आतून आबा म्हणाले, "येतो म्हणून सांग त्यास्नी."

दोन दिवस मी आबांशी बोलले नाही. तरी स्कूटरवरून सभागृहात मीच नेलं. तिथं जो तो उठून त्याला देवमाणूस म्हणत होता. मग ती चाल सुरू झाली. वर चढत जाते, आता सुटेल असं वाटतं, आणि तिथंच थांबून हळूच मागं वळते. माझे डोळे भरून आले. मी दंडाला कचकन चिमटा काढला. असल्या नीच माणसाला हे सुचलंच कसं?

आबांना बोलावलं. त्यांनी माईक धरला.

"ही चाल लई मोठी हाय. असली दुसरी मी वाजवली न्हाय."

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत आबा थांबले.

"आणि हीच वाजवताना त्यानं मला थोबाडीत मारली हुती. त्येबी सांगायला पायजे की."

निवेदकानं घाईनं माईक काढून घेतला.

आबा बाहेर आले. पायरीवर बसले. मी पाणी दिलं.

"आता तरी ते गाणं लावायचं बंद करणार?"

"न्हाय. का म्हणून? माझाबी घाम हाय त्यात."

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. आबांचं पाणी पिऊन होईपर्यंत मी शेजारी उभी राहिले. आत पुढचा वक्ता त्याच्या मोठ्या मनाबद्दल बोलत होता.