ठिणगीतला कापूस

घरातला कुठलाही बिघाड दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाला चिकटून आत येतो, यावर आमच्या सोलापूरच्या घरमालकांइतका ठाम विश्वास असलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. रेल्वेत तारमास्तर म्हणून नोकरी झालेली. पेन्शन घेतल्यावर लोक बागेला लागतात, भजनाला लागतात. मास्तर विजेला लागले. काकूंच्या लोणच्याच्या बरण्यांना कथलाचा वर्ख गुंडाळून आणि तांब्याच्या तारेची भलीमोठी कॉइल उभी करून त्यांनी पुढच्या खोलीत एक यंत्र मांडलं होतं. दोन पितळी गोळे समोरासमोर, मध्ये जोंधळ्याच्या दाण्याएवढी फट. बॅटरी जोडली की त्या फटीतून निळी ठिणगी उडायची. तिचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला त्या घरात पुन्हा चहा मिळत नसे.

ठिणगी नीट असली की चाबकासारखी वाजे आणि मास्तर दिवसभर गोड बोलत. ती फुरफुरू लागली की आधी ते गोळे काचकागदानं घासत, फट कमीजास्त करत, स्क्रू आवळत. तरीही फुरफुर राहिली तर मग माणसांची पाळी. एकदा फोडणीच्या धुरावर आळ आला आणि ठिणगी सुधारेपर्यंत आम्ही बिनफोडणीचं वरण जेवलो. "पथ्य ह्यांच्या गोळ्यांचं, पाळायचं आपण," एवढंच काकू म्हणाल्या. माझ्या आधीचा भाडेकरू तपकीर ओढायचा. तिची पूड गोळ्यांवर बसते म्हणून त्याची ट्रंक एके दिवशी ओट्यावर आली, आणि पाठोपाठ तोही.

ही तपकिरीची गोष्ट मला पहिल्याच दिवशी ऐकवण्यात आली होती, त्यामुळे मी शिंकायलासुद्धा गल्लीत जात असे. शाळा लहानपणीच सुटलेली, घर पार कोकणात. गिरणीच्या सूतखात्यात लागलो होतो, आणि ओळखीपाळखीशिवाय खोली देणारं या शहरात मास्तरांखेरीज कुणी भेटलं नव्हतं.

एका हिवाळ्यात ठिणगी पुन्हा बिघडली. सकाळी खणखणीत वाजायची, आणि मी गिरणीतून परतलो की फुरफुरायची. घासून घासून गोळे वाटाण्याएवढे व्हायची वेळ आली. शेवटी मास्तरांनी भिंग लावलं. फटीत एक पांढरा तंतू दोन्ही गोळ्यांना धरून ताठ बसला होता, मध्येच काळा पडलेला. त्यांनी भिंग तसंच उचललं आणि दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळवलं. माझ्या टोपीवर, भुवयांवर, सदऱ्यावर, सगळीकडे गिरणीचा कापूस.

"कोकण्या, तू आहेस होय तो," मास्तर म्हणाले. "हलू नकोस तिथनं."

ते आत गेले. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

मास्तर बाहेर आले ते जुनं उपरणं घेऊन. मला ओट्यावर उभं करून त्यांनी टोपी झटकली, खांदे झटकले, पाठ झटकली. "वळ की," म्हणत कानामागचा कापूसही फुंकून टाकला. "रोज इथंच थांबायचं. मी झटकल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही." खोलीचा विषय निघालाच नाही. घर सोडल्यापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

ठिणगी सुधारली. पुढे एक बरणी फुटली, उरलेल्या बरण्या काकूंनी कैरीच्या दिवसांत परत नेल्या आणि कॉइल माळ्यावर गेली. मास्तरांनी फारशी हरकत घेतली नाही. त्यांना ती फट दिसेनाशी झाली होती. पण मी गिरणीतून परतलो की ते उपरणं घेऊन ओट्यावर उभे असत. आत बिघडण्यासारखं आता काही उरलेलं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते "वळ की" म्हणत, आणि मी वळत असे.